चौदा स्ट्रॉबेऱ्या आणि एक डोनट

ताई, नमस्कार.

मी २९ वर्षांची. लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याला आले, इथे एका बँकेच्या शाखेत आहे. पुण्यातल्या ऑफिसात १४ फेब्रुवारीला सगळे एकमेकांच्या टेबलावर काहीतरी गोड ठेवायचे. कोणाचं कोणाला असं काही नसायचं, नुसती मजा. यंदा इथेही तसं करावंसं वाटतंय. मला फेल्टच्या वस्तू करायचा नाद आहे. व्हिडिओ बघून बघून लाल हृदयं, कपकेक आणि एक डोनट केलाय. मला सोडून दहा जण आहेत. प्रत्येकाला एक हृदय, त्यावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर भरलेलं आणि सोबत चॉकलेट, असा बेत आहे.

पण धीर होत नाही. साहेब पंचावन्नचे, कडक, त्यात त्यांना शुगर. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं अजून लग्न व्हायचंय. मागच्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी फेल्टची एक की-चेन दिली, तर आठवडाभर कुजबुज चालली होती. सासूबाई म्हणतात, "बँकेत जातीस का बालवाडीत?" हाताने केलेलं लोकांना स्वस्तातलं वाटेल का, हीही धाकधूक आहे. संध्याकाळी जेमतेम तास-सव्वा तास मिळतो आणि खर्च हजाराच्या आत बसवायचाय. करू का नको?

– टेबल नंबर चार, सातारा

*

टेबल नंबर चार,

कर. करू का नको, हा प्रश्न इथेच मिटला. पण तुझ्या बेतातलं ते हृदय काही मला पटलेलं नाही.

त्या की-चेनचं काय झालं बघ. वस्तूत वाईट काहीच नव्हतं, पण ती एकाच टेबलावर गेली. शाखा म्हणजे दहा-बारा उंबऱ्यांची वाडी असते, कोणाच्या डब्यात आज काय आहे हे डबा उघडायच्या आधी माहीत असतं. आता त्याच टेबलावर लाल हृदय जाणार, वर त्याच्या नावाचं अक्षर. बाकी नऊ टेबलांवरही तसंच हृदय आहे हे लोक बघतील, नाही असं नाही, पण बोलताना त्या नऊंचा उल्लेख कोणी करणार नाही. आणि गेल्या वर्षीच्या प्रकरणाचा खुलासा वगैरे करत बसू नकोस. ज्याची कोणी विचारणा केली नाही त्याचा खुलासा केला की संशय पक्का होतो.

वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा हेतू कळतो मला. शिवाय हा दिवस फक्त प्रियकर-प्रेयसींचा, असं सगळीकडे नाही. फिनलंडमध्ये १४ फेब्रुवारीला मैत्रीचा दिवस म्हणतात. अमेरिकेत शाळेतली पोरं अख्ख्या वर्गाला कार्डं वाटतात. जपानमध्ये तर बायका ऑफिसातल्या पुरुषांना चॉकलेटं देतात, त्याला 'गिरी-चोको' म्हणतात. गिरी म्हणजे कर्तव्य, रीत. मग १४ मार्चला पुरुषांनी परतफेड करायची. पुढे पुढे कित्येकींना याचा जाच व्हायला लागला आणि काही कंपन्यांनी ही पद्धतच बंद केली. देणाऱ्याला 'द्यावंच लागतं' आणि घेणाऱ्याला 'आता परत काय द्यायचं' असं वाटायला लागलं की त्यातली मजा गेली. म्हणून चॉकलेट-हृदय-कार्ड असा मोठा थाट नको. घेणाऱ्याने "अरे वा" म्हणून खिशात टाकावं, एवढीच वस्तू हवी.

आणि जपानपर्यंत जायचं तरी कशाला? गेल्याच महिन्यात तू वाण लुटलंस ना? वीस बायकांना वीस सारख्या वाट्या किंवा वीस सारखे फणी-करंडे. कोणी विचारलं का, की हिला का दिलं न् तिला का दिलं? वाणाची गंमतच ती आहे. वस्तू सगळ्यांना एकच, कामाची, आणि देणारीने निवडानिवड केलेली नाही. तुझा बेत तू वाणाच्या चालीवर बसव, फक्त या वेळी पुरुषांनाही मिळेल.

वस्तू कुठली, तर स्ट्रॉबेरी.

हसू नकोस. लाल आहे, वरून रुंद, खाली निमुळती, म्हणजे हृदयाची चुलत बहीणच. ज्याला फेब्रुवारीतलं लाल बघायचंय त्याला ते दिसेल, ज्याला नाही त्याला आपल्या महाबळेश्वरचं फळ दिसेल. सीझन ऐन भरात आहे, नाक्यावरच्या गाड्या लाल झाल्यात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे साताऱ्याच्या माणसाने फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी दिली तर त्यात चावटपणा शोधणारा स्वतःच चावट ठरेल.

शिवाय ही शोभेची नाही, टाचण्यांची गादी म्हणून करायची. कल्पना माझी नाही, जुनीच आहे. इंग्रजी शिवणाच्या डब्यांत टोमॅटोसारखी एक गादी असते, तिला दोरीने छोटी स्ट्रॉबेरी लटकवलेली असते. त्या स्ट्रॉबेरीत कुरुंदाची पूड भरतात, सुई दोन-चारदा आत-बाहेर केली की गंज जातो, टोक लख्ख होतं. आपण पूड-बीड काही भरणार नाही. पण बँकेत टाचणी लागतेच. नोटांच्या बंडलांना पिना मारायला रिझर्व्ह बँकेने २००१ मध्येच बंदी केली आणि कागदी पट्ट्या आल्या, ते खरं. पण व्हाउचरं, अर्जाला जोडलेले फोटो, झेरॉक्सचे गठ्ठे? तुमच्या टेबलावर टाचण्या कशात ठेवलेल्या असतात ते मी न बघता सांगते: पावडरच्या डब्याच्या झाकणात, नाहीतर खणात विखुरलेल्या, आणि दिवसातून एकदा कोणाच्या तरी बोटात घुसतात.

आता डोकी मोजू. तू लिहिलंस, मला सोडून दहा जण. या दहात शिपाई मामा आहेत का? दाराशी बंदूक घेऊन बसणारे गार्ड? सकाळी तुम्ही यायच्या आधी फरशी पुसून जाणाऱ्या मावशी? मला वाटतं हे तिघं त्यात नाहीत, कारण तुझ्या बेतात टेबलं मोजलीयत आणि यांना टेबल नाही.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाहीये. १९९८ साली मी एका कचेरीत कारकून होते. दिवाळीला मी सगळ्यांसाठी क्रोशाच्या चकत्या विणल्या, पाण्याच्या पेल्याखाली ठेवायच्या. बारा जणांना बारा, फिकट निळ्या, कडेला पांढरी महिरप. वाटून झाल्या, कौतुक झालं. पाणी भरायला येणाऱ्या बाई कोपऱ्यात घागर ठेवून बघत होत्या. हसून म्हणाल्या, "मला न्हाय व्हय, बाई?" मी म्हटलं, "तुमची घरी राहिली, उद्या आणते." घरी काही राहिलेली नव्हती. रात्री दोनपर्यंत जागून विणली, घाईत एक फेरा चुकला आणि ती वाकडी झाली. बाईंनी ती घेतली, घागरीवरच्या झाकणावर ठेवली, आणि पुढची पाच वर्षं रोज ती वाकडी चकती माझ्यासमोर यायची.

तेव्हा दहा अधिक तीन, तेरा. आणि एक जास्तीची, चौदा. कोणी बदलून आलेला असतो, कोणी रजेवरून उगवतो. आणि नावाचं अक्षर भरायचा विचार सोडून दे. एक तर त्याने काम दुप्पट होतं. दुसरं, अक्षरं सगळ्यांची सारखी येत नाहीत. 'र' पटकन होतो, 'क्ष' होत नाही. ज्याचं अक्षर छान आलं त्याच्यावर जास्त जीव, असा हिशेब मांडणारे तुझ्याकडे आहेतच.

सामान

मऊ फेल्ट माग. दुकानात दोन प्रकार असतात. कडक शीट शाळेच्या प्रोजेक्टची अक्षरं कापायला चांगलं, पण ते उलटवताना टोक निघत नाही. आपल्याला एक मिलिमीटरच्या आसपासचं, घडी घातल्यावर पडून राहणारं शीट हवं. मोती चौकाकडच्या लेस-बटणांच्या दुकानांत विचार, नाहीतर स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात. ए-फोर मापाची लाल तीन, हिरवी दोन. लाल एकाच गठ्ठ्यातली घे, दोन दुकानांतला लाल कधीच एक नसतो.

तू फेल्ट वापरतेस, पण ते का सोपं आहे याचा विचार केलायस का? फेल्ट विणलेलं नसतं. तंतू एकमेकांत दाबून-गुंतवून बसवलेले असतात, म्हणून कापलं तरी कड उसवत नाही, दुमडून शिवावं लागत नाही. आपल्या मेंढपाळांकडे बसायला जेन असतं ना, ते याच जातीचं. घोंगडी मागावर विणतात, जेन लोकर दाबून करतात. तुझं शीट मात्र लोकरीचं नसणार, बाजारात बहुतेक पॉलिएस्टरच मिळतं. म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवू नकोस, आकसून चिकटेल.

दोरा अँकरचा. एक लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते, त्यातले दोनच पदर घ्यायचे. लाल एक, हिरवी एक, आणि बियांसाठी फिकट पिवळी एक. पांढरी नको, पांढऱ्या बिया पुरळ उठल्यासारख्या दिसतात. शिवाय चुण्या ओढायला साधा शिलाईचा मजबूत दोरा.

भरायला काय, हा खरा प्रश्न. उशीत घालतात तो रेक्रॉनचा कापूस छोट्या हृदयात चालतो, टाचणीच्या गादीत नाही. टाचणी त्यात उभी राहत नाही, मान टाकते. तांदूळ, मूग असलं काही भरू नकोस, पावसाळ्यात टोके पडतील आणि साहेबांच्या टेबलावर फिरतील. आमची आजी गादीत स्वतःचे गळलेले केस भरायची, तेलामुळे सुया गंजत नाहीत म्हणून. ते फार उत्तम असतं, पण बँकेत सांगू नये. तू लाकडाचा भुसा घे. कोणत्याही सुताराकडे पिशवीभर फुकट मिळतो. एक दिवस कडक उन्हात वाळव आणि जुन्या चाळणीने चाळ. बारीक धूळ खाली जाऊ दे, ती फेल्टमधून झिरपते. वर राहतो तो जाडसर भुसा आपला.

करायची रीत

नाश्त्याची लहान ताटली असते ना, सुमारे अठरा सेंटिमीटर रुंदीची, ती पेपरवर ठेवून गोल आख. गोल कापून चौघडी घाल. जो पाव गोल होतो तोच आपला नमुना. त्याच्या दोन सरळ कडा नऊ-नऊ सेंटिमीटर आणि एक गोल. एका लाल शीटमध्ये असे सहा बसतात, तीन शीटमध्ये अठरा, म्हणजे चार बिघडले तरी चालतील. आखायला पेन वापरू नकोस. साबणाची वापरून पातळ झालेली चिप घे, लाल आणि हिरव्यावर तिची रेघ स्वच्छ उठते आणि पुसूनही जाते. कात्री वेगळी ठेव, कागद कापलेल्या कात्रीने फेल्ट चावल्यासारखं कापलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिया आधी भरायच्या, तुकडा सपाट असतानाच. बहुतेकजणी आधी शिवतात, गच्च भरतात आणि मग बिया काढायला बसतात. तेव्हा सुई भुशात अडकते, गाठ लपवायला जागा नसते. सपाट तुकड्यावर तीन मिलिमीटरचे उभे टाके, एका ओळीतला टाका वरच्या दोन टाक्यांच्या मधोमध येईल असे. पंधरा-सोळा पुरेत. कडांपासून एक सेंटिमीटर जागा सोड, ती शिवणीत जाणार आहे. मागून एका टाक्यावरून दुसऱ्यावर दोरा नेलास तरी चालेल, आत कोणी बघत नाही. (खऱ्या स्ट्रॉबेरीत त्या 'बिया' एकेक स्वतंत्र फळ असतात, आणि आपण खातो तो गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. चहाच्या वेळी सांगायला बरं आहे.)

मग बियांची बाजू आत ठेवून दोन सरळ कडा जुळव आणि उलटी टीप घालत शिव, कडेपासून चार मिलिमीटरवर. टीप जवळजवळ घाल, नाहीतर भुसा बाहेर डोकावेल. टोकाचं जास्तीचं फेल्ट तिरकं छाट आणि सुलट कर. टोक बाहेर काढायला कात्रीचं टोक घातलंस की भोक पडलंच म्हणून समज. पेन्सिलीची मागची बाजू घे, गोल गोल फिरवत ढकल.

वरच्या गोल कडेला अर्धा सेंटिमीटर सोडून दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाल, दोरा तसाच लोंबता ठेव. टोकात आधी चिमूटभर कापूस, मग कागदाचं नरसाळं करून भुसा, मधूनमधून अंगठ्याने दाबत. दाबून झाल्यावर वाटतं की भरली, तेव्हा अजून दोन चमचे मावतो. वर पुन्हा कापसाचा एक थर, आणि मग दोरा ओढ. तोंड पिशवीसारखं मिटतं. दोन-तीन टाके इकडून तिकडे घालून गाठ मार. चुण्या वेड्यावाकड्या दिसतील, त्यावर टोपी येणार आहे.

टोपी म्हणजे सहा सेंटिमीटरच्या हिरव्या चौकोनातून कापलेली पाच पानांची चांदणी. सगळ्या अगदी एकसारख्या कापायची गरज नाही, खऱ्याही नसतात. मधोमध हिरव्या पट्टीचा देठ, आणि प्रत्येक पानाच्या मध्यावर एकेक टाका. पानांची टोकं मोकळी सोड. गोंदाची बंदूक बाजूला ठेव. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सगळीकडे लोंबतात, आणि वाळलेल्या गोंदात टाचणी जात नाही. तू विचारलंस ना, हाताने केलेलं स्वस्तातलं वाटेल का? हाताने केल्यामुळे वाटत नाही. वाटतं ते लोंबणारा दोरा, गोंदाचा डाग आणि पोट रिकामं राहिलेली स्ट्रॉबेरी बघून. हातात घेतल्यावर ती जड लागली पाहिजे.

वेळेचं गणित सांगते. पहिलीला तास लागेल, चौथ्यापासून अर्ध्या तासावर येशील. एकेक पूर्ण करू नकोस. एका संध्याकाळी सगळं कापून घे, दोन संध्याकाळी फक्त बिया, मग शिवणी, मग भरणं. बियांचं काम मांडीवर ठेवून टीव्हीसमोरही होतं. आठ संध्याकाळी धर.

भरायचं काम सासूबाईंना सांग. "बालवाडीत जातीस का" म्हणणाऱ्या बाईच्या हातात काम दिलं नाही तर ती टोमणे मारत बसणारच, दुसरं काय करेल? तुझ्या सासूबाईंच्या वयाच्या साताऱ्याकडच्या बायकांनी आयुष्यात एक तरी वाकळ शिवलेली असते. त्यांचा धावदोरा तुझ्या व्हिडिओवालीपेक्षा सरळ असेल. "आई, हा दोरा माझ्याकडून सारखा तुटतोय" एवढंच म्हण आणि स्ट्रॉबेरी पुढे कर. काढून घेतील हातातून. मग एखादी टोपी उलटी बसली तरी बोलू नकोस.

द्यायची कशी

नशिबाने कॅलेंडर तुझ्या बाजूचं आहे. २०२६ मध्ये १४ फेब्रुवारीला दुसरा शनिवार आहे, म्हणजे बँक बंद. तेव्हा शुक्रवारी, १३ तारखेला दे. कळणाऱ्याला कळेल, आणि ज्याला खटकायचंय त्याला तारीखच सापडणार नाही. सकाळी काउंटरवर रांग असताना वाटू नकोस. कामकाज आवरलं, चहा आला की सगळं एका परातीत मांड आणि चहाच्या टेबलावर ठेव. "एकेक घ्या सगळ्यांनी, सीझनची आहे" इतकंच बोल. तू टेबलाटेबलावर फिरायचं नाही. परातीतून तो शेजारचा मुलगाही आपल्या हाताने एक उचलेल, म्हणजे 'तिने त्याला दिलं' हे वाक्यच तयार होत नाही. साहेबांना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेव, "साहेब, उद्या चहाबरोबर सगळ्यांना एक छोटी वस्तू देतेय." परवानगी मागू नकोस, परवानगी मागितली की साहेब लोकांना विचार करावा लागतो.

गोड म्हणून चॉकलेट कशाला, साताऱ्यात राहतेस. कंदी पेढा. एकेक पेढा बटर पेपरमध्ये गुंडाळ, कारण तूप फेल्टला लागलं की तो डाग जन्मात जात नाही. पानांचे द्रोण मिळतात त्यात एक स्ट्रॉबेरी, एक पेढा. वर प्रत्येक स्ट्रॉबेरीत दोन टाचण्या टोचून ठेव, नाहीतर ही कशाची वस्तू म्हणून निम्मे लोक ती गाडीच्या आरशाला लटकवतील. साहेबांच्या शुगरची काळजी तू करू नकोस. त्यांचा पेढा त्यांच्यावर सोड. द्रोणात पेढा नाही असं दिसलं, तर ते चारचौघांत जास्त लागतं. पेढे धरूनसुद्धा हे सगळं हजाराच्या आत बसतं, भुसा फुकटच आहे.

शिपाई मामांची स्ट्रॉबेरी जरा ठोस भर. व्हाउचरांचे गठ्ठे शिवायला त्यांच्याकडे दाभण असतं, ते बहुतेक कपाटाच्या फटीत खोचलेलं असेल. त्या दाभणाला अखेर घर मिळेल. त्यांच्या द्रोणावर चिठ्ठी नको, काही नको, फक्त भुसा जास्त. गार्डच्या ड्यूटीची वेळ बघून त्यांचा द्रोण काढून ठेव, आणि मावशी सकाळी येतात, त्यांचा त्याच दिवशी सकाळी दे. सगळ्यांच्या आधी त्यांना मिळाला तर काही बिघडत नाही.

राहिला तो तुझा डोनट. तो कोणाला देऊ नकोस, टेबल नंबर चारवरच ठेव. त्याच्या मधल्या भोकात सेलोटेपचा छोटा रोल बसतो का बघ. बसला तर मला कळव, मलाही एक हवाय.

– ताई